काकांचा नादकाटा आणि माझी एक ओळ

जय ख्रिस्त. राम कृष्ण हरी.

काकू, रूथताई, पाळकसाहेब, टाकळीच्या भजनी मंडळाचे आबा, आणि जमलेली सगळी माणसं. मी संदीप. बरेच जण मला ओळखता. स्टेशनकडच्या रस्त्याला मोबाईलच्या दुकानाच्या वर माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. सप्ताहाला, लग्नाला, सभेला साउंडचं कामही मीच करतो. आज हा माइक माझा आहे, ते दोन स्पीकर माझे आहेत. पण माइकच्या या बाजूला उभं राहायची मला सवय नाही. मी मागं बसून बटणं फिरवणारा माणूस. तेव्हा कुठं अडखळलो तर थोडं थांबा. मी खाली बसणार नाही, एवढं नक्की.

आत्तापर्यंत चार जण बोलले. चौघंही दानियलकाकांबद्दल चांगलं बोलले आणि खरं बोलले. देवळातली पेटी असो, चर्चमधली असो, शाळेतली असो, सुरात लावायला ती काकांच्याच ओट्यावर उघडली जायची. कुणाची जात विचारली नाही, कुणाला उद्या या म्हणाले नाहीत. हे सगळं खरं आहे.

एक वाक्य सोडून.

आबा, तुम्ही मघाशी म्हणालात, "शेवटी शेवटी काकांचा कान गेला होता, पण माणूस सोन्यासारखा." तुम्ही प्रेमानं म्हणालात, मला माहीत आहे. समोर बसलेल्या पाच-सहा जणांनी मानही हलवली. मी मागून बघत होतो. मी त्याच वाक्यासाठी उभा राहिलो आहे.

काकांचा कान गेला नव्हता. काकांचा कान अगदी शेवटच्या दिवसापर्यंत जागेवर होता.

हे मी सांत्वन म्हणून बोलत नाही. मी मोजलं आहे. काल मोजलं. आणि कान गेला, कान गेला, हे जे गावात दोन वर्षं चाललं आहे ना, ते माझ्यामुळं चाललं आहे. माझ्या कॉम्प्युटरमधल्या एका ओळीमुळं आणि माझ्या तोंडामुळं.

काकू, तुम्हाला हे आत्ताच कळतंय. मला माफ करा. खरं तर ते शेवटी म्हणायला पाहिजे, पण शेवटपर्यंत माझा आवाज राहील की नाही माहीत नाही, म्हणून आधीच म्हणून ठेवतो.

रूथताईंना काल सांगितलं. त्या ऐकत होत्या, हातात काकांची पेटी पुसायचं फडकं होतं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला एकटीला सांगून मोकळं व्हायला बघताय का? पप्पांबद्दल तुम्ही माइकवर बोलला होता. मग आता माइकवर सांगा." म्हणून मी इथं आहे. माझ्यात एवढी हिंमत नव्हती हो. ती ताईंची आहे.

आता थोडं माझ्या कामाचं सांगावं लागेल. सोपं आहे, लक्ष द्या.

गाणं तयार करायचं एक सॉफ्टवेअर असतं. स्क्रीनवर ही एवढी बटणं दिसतात. बघणाऱ्याला वाटतं, एवढंच असेल. पण काही सेटिंग बटणात नसतातच. कॉम्प्युटरच्या पोटात एक लपवलेला फोल्डर असतो. त्यात एक साधी फाइल, नुसत्या ओळी लिहिलेली. डावीकडं नाव, मधे बरोबरचं चिन्ह, उजवीकडं आकडा. रोज सॉफ्टवेअर चालू झालं की आधी ती फाइल वाचतं आणि दिवसभर तसं वागतं. तुम्हाला सांगत नाही, विचारत नाही. कुणी एकदा तिथं काही लिहून ठेवलं की ते कायमचं.

त्यात एक ओळ असते पायाच्या सुराची. पेटीवरची पांढरी सहा आहे ना, तो सूर सहसा चारशे चाळीसला धरतात. म्हणजे सेकंदाला चारशे चाळीस कंपनं. सगळे बाकीचे सूर त्याच्यावरून. तो आकडा हलला की सगळं हलतं. तबला, बासरी, तानपुरा, सूर मोजायचा मीटर, सगळं एकदमच हलतं, आणि आपसात जुळलेलंच राहतं. त्यामुळं आत बसलेल्याला काहीच कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात राहुरीकडचं एक कुटुंब आलं माझ्याकडं. त्यांच्या वडिलांनी म्हटलेल्या गवळणींची एक जुनी कॅसेट. वडील वारलेले. म्हणाले, मागं तबला भरा, बासरी भरा, पण बाबांच्या आवाजाला हात लावायचा नाही. कॅसेट थोडी पळत होती, आवाज चढलेला होता. माझ्या कशाशीच जुळेना. मग मी काय केलं? बाबांचा आवाज खाली आणला नाही. अख्खं सॉफ्टवेअर वर उचललं. त्या लपलेल्या फाइलीत गेलो, चारशे चाळीस खोडलं, चारशे सत्तेचाळीस लिहिलं. सगळं जुळलं. मला माझंच कौतुक वाटलं. आणि त्या ओळीच्या शेजारी मी स्वतःसाठी एक टीप लिहून ठेवली. शब्दाला शब्द सांगतो. "तात्पुरतं. काम झालं की काढणे."

काम झालं. काढलं नाही. विसरलो. एवढं साधं आहे ते.

महिनाभरानं आबांच्या मंडळाचं रेकॉर्डिंग होतं. आबा, आठवतंय? तुम्ही त्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला होता, पंखा बंद केला म्हणून चिडला होता. पेटी काकांनी आदल्याच आठवड्यात लावून दिलेली. मी कॉम्प्युटरवरचा तानपुरा सोडला, वादकानं पेटीवर हात ठेवला, आणि दोन्ही एकमेकांशी भांडायला लागले. मी मीटर लावला. पेटी सुरात खाली. सगळीच्या सगळी पेटी खाली. मी काय म्हणालो आबा? मी म्हणालो, "काकांनी यावेळी उरकलेली दिसते." तुम्ही हसला. सगळेच हसले.

काकांना निरोप गेला. काका दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलवरून आले. जिना चढताना दम लागला होता, तरी बसले नाहीत. पेटी ऐकली, तानपुरा ऐकला. म्हणाले, "इंजिनेर, पेटी बरोबर हाय. तुजा तानपुरा चढलाय."

मला ते इंजिनेर म्हणायचे. मी इंजिनियर वगैरे काही नाही. स्टुडिओ काढायच्या आधी सहा वर्षं नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात होतो, तपासणी खात्यात, एवढंच. पण काकांना मोठी गंमत वाटायची.

मी म्हणालो, "काका, कॉम्प्युटर आहे तो. तो कसा चढेल?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून नादकाटा काढला. शाळेत विज्ञानाच्या तासाला दाखवतात तो, दोन शिंगांचा, लोखंडी. काकांचा तो काटा त्यांना बोर्डिंगमध्ये पेटी शिकवणाऱ्या मास्तरांनी दिलेला. आयुष्यभर सगळ्या पेट्या त्याच एका काट्यावरून लावलेल्या. काटा गुडघ्यावर मारला, टेबलावर टेकवला. टेबल घुमलं. पांढरी सहा. म्हणाले, "आता बग."

मी मीटर लावला. मीटर म्हणाला, काटासुद्धा खाली.

आता ऐका. नागापूरला मला पहिल्या दिवशी काय शिकवलं होतं? जॉब बाद करायच्या आधी गेज तपास. मशीनवरून आलेला नग मापात बसत नसेल तर नग फेकायचा नाही, आधी मापयंत्र तपासायचं. कशावर तपासायचं? मास्टरवर. मास्टर म्हणजे एक तुकडा, पेटीत मखमलीत ठेवलेला, ज्याच्यावर कुणी शंका घेत नाही. सहा वर्षं रोज सकाळी मी हेच करत होतो. माझ्या समोर टेबलावर मास्टर घुमत होता, आणि मी मास्टर बाद केला.

मी म्हणालो, "काका, काटा जुना झाला. गंजला. उतरलाय."

खिशात मोबाईल होता माझ्या. मोबाईलवर सूर बघायचं फुकटचं अ‍ॅप असतं. दहा सेकंदांचं काम. मी मोबाईल काढला नाही. का नाही काढला, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. मला वाटतं, मला बरं वाटत होतं. सगळा तालुका ज्यांच्या कानाला मानतो, त्यांना मी बरोबर करत होतो.

काका स्क्रीनकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पेटी उतरली. काटा उतरला. माजा कान पन उतरला. समदं एकदमच कसं उतरलं रं?"

केवढा शहाणा प्रश्न होता तो! कुणालाही पटेल असा. आणि मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, "वय झालं की उतरतं, काका."

काकू... कुणीतरी काकूंना पाणी द्या. आबा, तुम्ही बसा. बोलू द्या मला, आता थांबलो तर पुन्हा जमणार नाही.

काकांनी पिशवीतून कानस काढली. कानस म्हणजे घासायची पट्टी, पेटीच्या आतले सूर, म्हणजे पितळी जिभा, घासतात ती. काट्याची टोकं घासली की तो चढतो. त्यांनी माझ्या टेबलावर, माझ्यासमोर, मास्तरांचा काटा घासायला घेतला. चार-पाच वेळा घासायचं, फुंकर मारायची, गुडघ्यावर मारायचा, टेबलावर टेकवायचा. आणि स्क्रीनकडं बघायचं नाही. माझ्याकडं बघायचं.

"झालं का?"

"अजून थोडं, काका."

पुन्हा घासलं. पुन्हा फुंकर.

"झालं का?"

"अजून थोडं."

किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. सूर जुळून मीटर हिरवा होईपर्यंत मी अजून थोडं, अजून थोडं म्हणत राहिलो. टेबलावर लोखंडाचा बारीक भुगा पडला होता. जाताना काकांनी तो आपल्या रुमालानं पुसून घेतला. म्हणाले, "तुजं यंत्र खराब व्हायचं." आणि मला थँक्यू म्हणाले.

त्या दिवसापासून काकांनी ज्या पेट्या लावल्या त्या सगळ्या त्या घासलेल्या काट्यावरून लावल्या. माझ्या स्टुडिओत आणल्या की एकदम हिरव्या. बाहेर नेल्या की कशालाच जुळत नव्हत्या. या हॉलच्या शेजारी चर्चमध्ये कीबोर्ड आहे, त्याच्याशी जुळेना. पाळकसाहेब, तुम्ही काकांना बोलावून घेतलं होतं. काका तिथून सरळ माझ्याकडं आले. म्हणाले, "चर्चच्या कीबोर्डसंगं पेटी जुळंना रं." मी त्यांना काय सांगितलं असेल? मी सांगितलं, "कीबोर्डमध्ये आत एक सेटिंग असतं काका, कुणीतरी हलवलं असेल." म्हणजे बघा. दुसऱ्याच्या यंत्रात लपलेलं सेटिंग मला बसल्या जागी दिसलं. माझ्यातलं दिसलं नाही.

मग तो सप्ताह. दुपारचं भजन होतं. मंडपात हजारभर माणूस असेल. काकांनी लावलेली पेटी आणि पाहुण्यांचा कीबोर्ड एकत्र वाजायला लागले आणि ऐकवेना. बुवांनी हात वर करून भजन थांबवलं. काका पुढंच बसले होते, सतरंजीवर. सगळा मंडप त्यांच्याकडं बघतोय. आणि मी, मागं साउंडवर बसलेला, माझ्या हातात घोषणा करायचा माइक. मी बोललो. "काकांच्या कानाची आता सर्व्हिसिंग करावी लागेल."

मंडप हसला. तुमच्यातले कितीतरी जण होते तिथं. तुम्ही हसलात म्हणून मी तुम्हाला दोष देत नाही. विनोद मी केला होता. काकासुद्धा हसले. हात जोडून सगळ्यांकडं बघून हसले. मग पेटी बाजूला ठेवली गेली, आणि कीबोर्डवर भजन पुढं सुरू झालं.

ते वाक्य मग गावोगाव फिरलं. पेटी घेऊन नगरला जा, काकांच्या कानाची सर्व्हिसिंग बाकी आहे. चहाच्या टपरीवर मी हे स्वतः ऐकलं आहे, आणि ऐकून मला बरंही वाटलं होतं, आपला विनोद चालला म्हणून. काकांच्या ओट्यावरच्या पेट्या कमी होत गेल्या. मग एक दिवस ओट्यावर नुसती चटई राहिली.

यंदा संक्रांतीच्या सुमारास मी नवीन कॉम्प्युटर घेतला. सॉफ्टवेअर नव्यानं टाकलं. सहज म्हणून एक पेटी मीटरला लावली, काकांनी लावलेली, जुन्या कॉम्प्युटरवर रोज हिरवी येणारी. आता ती चढलेली दाखवायला लागली. मला वाटलं, नवीन कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बिघाड आहे. अजूनही मला तेच वाटलं, बघा. जुनी सेटिंग इकडं आणावीत म्हणून जुन्या कॉम्प्युटरमधली ती लपलेली फाइल उघडली. आणि समोर माझी टीप. "तात्पुरतं. काम झालं की काढणे."

गेज चुकीचं होतं. नग बरोबर होता. मास्टर बरोबर होता. आणि तो मास्टर मी काकांच्याच हातानं घासायला लावला.

ती ओळ मी पुसली. लगेच पुसली, कुणी बघायच्या आत. खोलीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरीसुद्धा.

मग मी काकांकडं गेलो. सांगायलाच गेलो होतो, काकू. तुम्ही चहा केला होता, खारी दिली होती. काका खाटेवर बसले होते. पाय सुजले होते. मी विचारलं, "काका, काम बंद केलं का?" ते म्हणाले, "व्हय. चुकीचा सूर गावात सोडन्यापरीस गप बसल्यालं बरं. आता कानावर भरवसा न्हाई ऱ्हायला." आणि मग मलाच म्हणाले, "तू व्हतास म्हनून कळलं तरी, इंजिनेर. न्हायतर म्या किती जनांच्या पेट्या बिघडवल्या असत्या."

कसं सांगायचं हो यानंतर? सांगायचं. तोंड उघडायचं आणि सांगायचं. काका, तुम्ही बरोबर होता. चारच शब्द. मी खारी चहात बुडवली, खाल्ली, कप खाली ठेवला आणि येतो म्हणालो. पुढच्या रविवारी सांगू. मग ईस्टर झाल्यावर सांगू. मग त्यांची तब्येत जरा बरी झाली की सांगू. मी घाबरत होतो. काकांना नव्हे. काका रागावले नसते, एवढी त्यांची ओळख मला होती. मी तुम्हाला घाबरत होतो. स्टुडिओची पाटी आहे माझी. ज्याचा मीटर दोन वर्षं चुकीचा होता, त्याच्याकडं कोण येणार?

नऊ दिवसांपूर्वी काका गेले. निरोप आला तेव्हा मी कुणाच्या तरी लग्नाचं गाणं जुळवत होतो. पहिला विचार काय आला, तोही सांगून टाकतो, आता काय लपवायचं. पहिला विचार आला की आता कुणाला कळणार नाही. तो विचार फार वेळ टिकला नाही. पण आला होता.

काल ताईंनी बोलावलं, सभेत पप्पांची पेटी ठेवायची आहे, माइक कुठं लावायचा बघा म्हणून. ही समोर टेबलावर आहे ती पेटी. काकांची घरची पेटी, खाटेखाली चादरीत गुंडाळलेली असायची. काकू सहज बोलून गेल्या. तुम्हाला कल्पना नव्हती काकू, मला ते कुठं लागलं ते. तुम्ही म्हणालात, "ही त्यांनी कधी घासली न्हाई. गावच्या समद्या पेट्या नव्या सुरात लावल्या, ही न्हाई लावली. म्हनायचे, ही ऱ्हाऊ दे. चुकीची तर चुकीची, पन माज्या कानाला हीच बरी वाटती."

मी तिथंच मोबाईल काढला. दोन वर्षांपूर्वी काढायला पाहिजे होता तो मोबाईल. पांढरी सहा दाबली. चारशे चाळीस. काडीचा फरक नाही. मग खालची दाबली, वरची दाबली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पेटी सरळ. यंत्र न लावता, तेव्हाच्या काट्यावरून नुसत्या कानानं लावलेली. मी बारा वर्षं या धंद्यात आहे, इतकी सरळ पेटी मी दुसरी बघितलेली नाही.

म्हणजे काकांना जो सूर बरा वाटत होता, तोच बरोबर होता. आणि त्यांना मरेपर्यंत वाटत राहिलं की आपल्याला आवडतो तो सूर चुकीचा आहे. हे मी केलं. माणूस गेला हे देवाच्या हातातलं, पण जाताना आपल्या कानावरचा विश्वास गमावून गेला, ते माझ्या हातातलं होतं.

पेटीशेजारी तो काटाही होता. तो मोजला. चारशे सत्तेचाळीस. काकांचा हात बघा, मी मागितलं तेवढंच त्यांनी घासलं, एक कणही जास्त नाही. मी ताईंना म्हणालो, बुडाशी घासलं तर काटा पुन्हा उतरवता येईल. ताई म्हणाल्या, "नको. आता त्याला कुणी हात लावू नका. तसाच घेऊन जा आणि तुमच्या कॉम्प्युटरपाशी ठेवा." तो माझ्या खिशात आहे. ठेवीन ताई.

आता तुमच्याकडं एक मागायचं आहे. गेल्या दोन वर्षांत काकांनी लावलेल्या पेट्या ज्यांच्या घरात आहेत, देवळात आहेत, त्यांनी मला सांगा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन आणि चांगल्या कारागिराकडून परत खाली आणून देईन. मी स्वतः त्यांना हात लावणार नाही. आणि पेटी परत द्यायला येईन तेव्हा कुणी विचारलं की काय झालं होतं, तर मी ओट्यावर उभा राहून सगळ्यांसमोर सांगीन. तुम्हीही सांगा. टपरीवर सांगा, सप्ताहात सांगा. माझं नाव घेऊन सांगा. विनोद जेवढ्या लांब गेला तेवढ्या लांब हेही जाऊ द्या. जाणार नाही, मला माहीत आहे. हसण्यासारखं असतं तेच लांब जातं. तरीपण सांगा.

काकू, मी तुमच्याकडं माफी मागितली, पण तुम्ही ती आज द्यावी असं नाही. कधीच दिली नाही तरी मी चहाला येणं सोडणार नाही. तुम्ही दार लावलंत तर ओट्यावर बसेन.

आता सगळ्यांनी उभं राहूया. दोन मिनिटं स्तब्ध राहायचं आहे. पण त्याआधी रूथताई पेटीचा भाता एकदा भरतील आणि पांढरी सहा दाबतील. मी माइक पेटीपुढं ठेवतोय. स्पीकरच्या आवाजाला मी काही केलेलं नाही, जसा आहे तसाच येईल. भात्यातली हवा संपेपर्यंत तो सूर ऐका. तो संपला की तिथून शांतता धरा.

काका, तुम्ही मला विचारत होता, झालं का, झालं का. मी दर वेळी चुकीचं उत्तर दिलं.

झालं, काका. पहिल्यापासून झालेलंच होतं.

ताई, दाबा.